नेरपगार नावाचा माणूस

राखोलीच्या सूत कारखान्यात कोंडाबाई अकरा वर्षं फाटकावर बायकांची झडती घेत होत्या. पुरुषांची रांग बाहेर, बायकांसाठी पडद्याआडची खोली. पिशवी उघड, डबा उघड, हात वर कर. शिरपूरकडची ही बाई सातवी शिकलेली, पण नजर अशी की खोटं बोलणारीचा घसाच कोरडा पडावा.

रहस्यकथांचा नाद त्यांना जुनाच. गेल्या वर्षी सिल्वासाच्या बसस्थानकाजवळ पेपरवाल्याने एक नवं नाव पुढे केलं, वि. ना. नेरपगार. तीन पुस्तकं, तिन्हींत तोच गुप्तहेर, निवृत्त फौजदार. पहिलं पुस्तक कोंडाबाईंनी अथालला घरी पोचेपर्यंत अर्धं संपवलं. दुसरं वाचताना कपाळाला आठी पडली. त्यातल्या कारखान्याचं फाटक डावीकडे अडकत होतं, लाथ मारल्याशिवाय उघडत नव्हतं. अगदी राखोलीसारखं.

"हा माणूस आपल्यातलाच आहे," त्या मनाशी म्हणाल्या. कारखान्यातले नाशिकचे इंजिनीअर सारंग सतत मोबाईलवर काही टिपत असायचे. आठवडाभर त्यांच्यावरच नजर होती.

तिसऱ्या पुस्तकात मात्र त्यांच्या अंगावर काटाच आला. फाटकावरची रखवालदारीण बाहीच्या आत मेलेल्या नवऱ्याचं घड्याळ बांधत होती. कोंडाबाईंनीही नवरा गेल्यावर तेच केलं होतं, दोन महिने, कुणाला न सांगता. झडतीला हात पुढे केला की बाही सरकायची तेवढंच. म्हणजे सारंग नव्हेत. पडद्याआड कुठला पुरुष येणार? नेरपगार ही बाई होती!

आता प्रत्येकीचा चेहरा वेगळाच दिसू लागला. कोण आपल्याला बघत होतं? आणखी काय काय बघितलं? बायकाही कुजबुजू लागल्या, मावशीला झालंय काय. सहज विचारल्यासारखं त्यांनी सगळ्यांना विचारून पाहिलं. पुस्तकं वाचते असं एकीनेही कबूल केलं नाही.

मग त्यांनी नेरपगारच्याच पुस्तकाचा गळ टाकला. सकाळची पाळी सुटली की डबा हातात घेऊन प्रत्येकीला म्हणायच्या, "एक पुस्तक वाचलं बाई. चोर बाई डब्यात तांब्याची तार लपवते. जेवलेला डबा एवढा जड लागला तर कुणीही धरेल. लेखकाले अक्कलच नाही!"

सरिता हसली. बायडाबाईंनी मान डोलावली. पॅकिंगमधली जया, जव्हारकडची, तिशीची, कधी वर मान न करणारी, ती मात्र फणकारली. "डबा जेवलेला नव्हताच, मावशी! आदल्या पानावर लिहिलंय, तिला उलट्या होत होत्या. भरलेलाच परत चालला होता."

कोंडाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "तू तर वाचत नाहीस म्हणालीस."

जयाचा चेहरा उतरला. "ऑफिसात सांगाल का? कारखान्याबद्दल लिहिते म्हणून काढून टाकतील मला."

"माझं घड्याळ कशाला घातलंस त्यात?"

"ते दिसलं त्या दिवशी मी हात वर करून उभी होते, आणि तुमचे डोळे भरलेले होते," जया म्हणाली. "विसरताच येईना."

कोंडाबाईंनी डबा तिच्या हातात परत दिला. मग विचारलं, "पुढच्या पुस्तकात ती रखवालदारीण काय करते?"

जया हळूच म्हणाली, "चोरी तीच करते. पण मी ते बदलते, मावशी."

"बदलायचं नाही. मात्र ती उगीच चोरी करणार नाही. का केली, ते मला पटायला हवं."

ऑफिसात कुणाला काही कळलं नाही. पुढच्या रविवारी दमणगंगेच्या काठी बागेत जयाने वही उघडून वाचायला घेतलं. दुसऱ्याच पानावर कोंडाबाईंनी तिला थांबवलं.

"हे खोटं वाटतंय. परत वाच."

जयाने परत वाचलं, आणि पेनाने ओळ खोडली.