अण्णांचा डोळा

आमच्या घरात पाण्याचा ग्लास सरळ तोंडाला लावायची पद्धत नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, आधी तो खिडकीकडे धरायचे, बोटांत एकदा गोल फिरवायचे आणि मगच प्यायचे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी हेच. लहानपणी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. समोरच्या बाईला वाटायचं, ग्लास नीट धुतला नाही की काय. अण्णा काचेत तडा शोधत असायचे. सापडला तर जागच्या जागी सांगायचे, ‘‘वहिनी, हा आता टाकून द्या.’’ त्या घरी पुन्हा चहाचं बोलावणं यायला मग वर्ष लागायचं.

अण्णा नाशिकच्या एका कॉलेजात ग्लासब्लोअर होते, म्हणजे तापलेली काच फुंकून घडवणारे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे एक खोली, तिथे गॅसची ज्योत, पायाने चालवायचा भाता आणि काचेच्या नळ्या. पोरांच्या हातून फुटलेली ब्युरेट, मोडलेला कंडेन्सर त्यांच्याकडे यायचा आणि कधी फुटलाच नव्हता असा होऊन परत जायचा. दिसला तर तो सांधा कसला, असं ते म्हणायचे. त्यामुळे चाळीस वर्षं त्यांनी काय काम केलं ते कुणाला बोट ठेवून दाखवायची सोय नव्हती. निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांनी त्यांना ‘प्रयोगशाळेतले मदतनीस’ म्हटलं. अण्णा हसले. मी हसले नव्हते.

आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते, लग्न केलं नाही, त्याची गोष्ट वेगळी. अण्णांची फुप्फुसं थकली आहेत. डॉक्टरांनी व्यायामाला एक प्लास्टिकचं यंत्र दिलं आहे, त्यात तीन रंगीत गोळे असतात. जोरात श्वास ओढला की ते वर उचलले जायला हवेत. ज्या माणसाने नुसत्या फुंकरीने काचेचा गोळा लिंबाएवढा, मोसंबीएवढा, सांगाल तेवढा फुगवला, त्याचा पहिला गोळासुद्धा अर्ध्यावर जाऊन खाली येतो. त्यावर अण्णा चिडत नसत. ‘‘फुंकर गेली,’’ म्हणायचे, ‘‘पण डोळा शाबूत आहे.’’ मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं होतं. त्या एका डोळ्याच्या जोरावर ते माणसात होते.

या जानेवारीत पेपरातून एक पत्रक आलं. गंगापूर धरणाच्या रस्त्याला एका जुन्या सरदार घराण्याची इस्टेट आहे. एवढी वर्षं तिचं फाटक बंदच असायचं. आता ती बाग उघडणार होती आणि झाडाझुडपांत काचेच्या मोठमोठ्या कलाकृती मांडणार होते. अण्णांनी ते पत्रक फ्रिजला चिकटवलं आणि रोज सकाळी मला विचारायला लागले, ‘‘कधी जायचं?’’ पंधरा दिवस मी टोलवाटोलवी केली. शेवटी एका बुधवारी रजा टाकली.

निघताना त्यांनी निवृत्तीला मिळालेला कोट घातला, वरून कानटोपी आणि मफलर. वरच्या खिशात पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला काळपट फिल्मचा तुकडा ठेवला. तो त्यांच्या कामातला. काच तापवून घाईने गार केली तर तिच्या आत ताण राहतो, वरून काहीच दिसत नाही, आणि मग एखाद्या दिवशी कुणी हातही लावलेला नसताना ती फुटते. त्या फिल्ममधून निळ्या आकाशावर काच बघितली की जिथे ताण असेल तिथे रंगीत पट्टे उमटतात. ‘‘तिथे कशाला हे?’’ मी म्हटलं. ‘‘असू दे गं,’’ अण्णा म्हणाले.

बाग सुंदर होती, पण मला उदास वाटलं. दगडी बंगल्याची दारं-खिडक्या फळ्या ठोकून बंद केलेल्या, कारंजं कोरडं, आणि त्या कोरड्या कारंज्यात काचेची पिवळी कमळं. गुलाबाच्या वाफ्यात एक गुलाब नाही, लाल काचेचे भाले रोवलेले. लोक फोटो काढत होते. अण्णा मात्र खुशीत होते. प्रत्येक वस्तूजवळ थांबायचे, धाप ओसरू द्यायचे आणि मग पुटपुटायचे, ‘‘हा माणूस दमाचा आहे. हे एका फुंकरीत केलंय बघ.’’ इतक्या वर्षांत त्यांना असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी घड्याळ बघत होते.

शेवटी एक जुनी चिंच होती. तिच्या फांद्यांना फिकट हिरव्या काचेचे थेंब टांगले होते, एकेक कळशीएवढा. दुपारचे साडेबारा झाले असतील. ऊन चांगलं चटका देत होतं आणि एक माळी पाइपने त्या थेंबांवर विहिरीचं गार पाणी मारत होता, धूळ जाऊन चमकावेत म्हणून. अण्णांचा चेहराच बदलला. त्यांनी खिशातून फिल्म काढली, डोळ्याला लावली, मान वाकडी करून फिरवली. मग मला म्हणाले, ‘‘मधला मोठा बघ. मानेपाशी, कडी बसवलीय तिथे. तो जाणार.’’

मी फिल्ममधून बघितलं. रंगीत काहीतरी दिसलं. मला त्यातलं काय कळतंय?

चिंचेखाली एक बाई खराट्याने पाला झाडत होती. अण्णा तिला म्हणाले, ‘‘बाई, या झाडाखाली थांबू नका.’’

‘‘मंग काय हवेत झाडू का, बाबा?’’ ती हसून म्हणाली. ‘‘दिवसभर पाला पडतो, लय घाण व्हते.’’

गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी जवळ उभी होती. अण्णांनी तिला गाठलं. तो थेंब उतरवा, निदान पाणी मारणं थांबवा, कडीचं लोखंड आणि काच वेगवेगळी फुगतात, असं सगळं नीट समजावून सांगितलं. ती अदबीने ऐकत होती. ‘‘काका, हे सगळं बाहेरच्या देशातून आलंय,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांनी चेक करूनच लावलंय.’’ अण्णांचा आवाज चढला. मग खोकला आला, तो थांबेना. कानटोपी घातलेला म्हातारा, हातात पुठ्ठ्याचा तुकडा, झाडाकडे बोट. लोक वळून बघायला लागले. एकाने मोबाइल धरला.

मी त्यांचा दंड धरला. ‘‘अण्णा, पुरे झालं आता. चार लोकांत तमाशा नको.’’ आणि त्या मुलीला म्हणाले, ‘‘मनावर घेऊ नका. वय झालंय त्यांचं.’’

अण्णांचा खोकला नेमका तेव्हाच थांबला होता. त्यांनी ते स्वच्छ ऐकलं. फिल्म खिशात ठेवली आणि माझ्याबरोबर चालू लागले.

पण विषय त्यांच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘‘फोन तरी कर गं त्यांना.’’ मी हो म्हटलं आणि केला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सोमवारी सकाळी पेपर उघडला तर आतल्या पानावर चार ओळी होत्या. रविवारी दुपारी बागेतली काचेची कलाकृती अचानक फुटली, खाली काम करणारी महिला जखमी, हाताला गंभीर दुखापत.

मी ते पान काढून त्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. तेवढ्यात अण्णा आतून आले. ‘‘केलास का फोन?’’

‘‘केला,’’ मी म्हटलं. ‘‘सगळं ठीक आहे म्हणाले.’’

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला आधार लागतो. ‘‘त्यांनी मशीन लावून तपासलं,’’ मी म्हटलं, ‘‘काही निघालं नाही त्यात.’’

डॉक्टरांनी त्यांना धक्का बसेल असं काही सांगू नका म्हटलं होतं, हे खरं. ऐकून ते स्वतःलाच दोष देत बसले असते, हेही खरं. पण मी खोटं बोलले ते माझ्यासाठी. त्यांचं बरोबर निघालं तर बागेतल्या माझ्या त्या वाक्याचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं.

अण्णा खुर्चीत बसले. मग म्हणाले, ‘‘मशीनने तपासलं म्हणजे झालं. नसेलच काही.’’

त्या आठवड्यात मी सफरचंदं घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. वॉर्डात ती पाला झाडणारी बाई सापडली. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, दोन बोटांच्या शिरा तुटलेल्या. तिने मला लगेच ओळखलं. ‘‘त्या बाबांची लेक ना तुम्ही?’’ मला वाटलं, आता शिव्या घालेल. ती म्हणाली, ‘‘त्यांला म्हणा, तुमचंच खरं व्हतं. मी हसले त्यांला. तेवढं सांगा, हां?’’

‘‘सांगते,’’ मी म्हटलं.

घरी आले तर कचऱ्याच्या डब्यात पुठ्ठ्याची चौकट पडलेली दिसली. आतली फिल्म दुमडून मोडली होती. मी तिचा निरोप सांगितला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. एखादी गोष्ट सांगायची वेळ निघून जाते म्हणतात. माझी तर रोज सकाळी चहाबरोबर समोर येऊन बसायची, आणि मी शाळेला निघून जायचे.

आता दीड महिना झाला. मधे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं. नजर अगदी चांगली आहे म्हणाले. अण्णांनी मान डोलवली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय.

काल दुपारी मी एक भलतंच केलं. माळ्यावरून जुन्या सेटमधला एक ग्लास काढला. त्याच्या काठाला तडा गेलेला, नखाला लागेल एवढा. त्यात पाणी भरलं आणि अण्णांपुढे ठेवलं. खिडकी त्यांच्या शेजारीच होती, ऊन आत आलेलं. ते ग्लास उचलतील, उजेडात धरतील, फिरवतील आणि म्हणतील, ‘अगं, हा टाक.’ मग मी सगळं सांगून टाकणार होते, पेपरचं पान, त्या बाईचा निरोप, सगळं.

अण्णांनी ग्लास उचलला आणि सरळ तोंडाकडे नेला.

मी तो हिसकावला. पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं. ते दचकून माझ्याकडे बघत राहिले.

‘‘तडा होता का त्याला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘तूच बघत जा गं आता,’’ ते म्हणाले, ‘‘मला कुठे कळतंय.’’ आणि मफलरच्या टोकाने शर्ट पुसायला लागले.