आजीच्या गालावर बेतलेली बंदूक

"दर आठवड्याला काहीतरी नवं बसवता, बाबा! कधी हा स्क्रू, कधी तो घोडा. मला नको तुमची बंदूक!"

एरवी मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देणारी कौमुदी त्या दिवशी चक्क मराठीत भांडली. बापाला लागावं म्हणून. स्वयंपाकघरात आजीच्या, वसुधाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. जावयाचा एवढाच आवाज आला, "बरं, बाळा. चूक माझी."

हे दोन हजार चार सालचं, जर्मनीतल्या रेगेन्सबर्गचं. पोर पंधरा वर्षांची.

श्रीनाथराव तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. माणूस सांगलीचा, पण अबोल. बोलायचा तो पान्यांशी. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला ते शुत्सेनफेराइनमध्ये, म्हणजे तिथल्या नेमबाजांच्या मंडळात जायचे. लेक बारा वर्षांची झाली तशी तिलाही नेऊ लागले. तिच्यासाठी हवेची बंदूक घेतली, छर्ऱ्याची, साधी. पण साधी राहू देतील तर ते श्रीनाथराव कसले! मूळचा दस्ता काढून अक्रोडाच्या लाकडाचा बसवला. गाल टेकायची फळी आणली ती खालीवर सरकणारी. पोर वाढेल तशी दस्त्यामागे एकेक पट्टी वाढायची. लोक मुलांची उंची भिंतीवर खुणेनं लिहितात, या घरात ती बंदुकीवर होती. वसुधाबाई दरवर्षी तीन महिने लेकीकडे यायच्या, त्या आधी पट्ट्याच बघायच्या. "अगं ऊर्मिला, दोन पट्ट्या वाढली की पोरगी!"

आणि अशी ती बंदूक ऐन निवडीच्या स्पर्धेत अडली. घोडा दाबला तर दबेना. श्रीनाथरावांनी तो आदल्याच दिवशी नवा बसवला होता, मग दोष दुसऱ्या कुणाला देणार? कौमुदीची निवड हुकली, आणि तिनं नेमबाजी सोडली ती सोडलीच. शाळा संपली तशी हॅनोव्हरला शिकायला गेली. रविवारी फोन यायचा. आईशी तासभर, बापाशी मात्र जर्मनमध्ये "या, बाबा. गेनाऊ, बाबा." म्हणजे हो, बरोबर, की झालं.

बापानं काही सोडलं नाही. कुठलं कुठलं सुट्या भागांचं पुस्तक टपालानं यायचं, ते जेवताना वाचायचं, भाग मागवायचे आणि तळघरात बसवत राहायचं. पण माप घ्यायला लेक कुठे होती?

"आई, जरा खाली येता का?" श्रीनाथरावांनी सासूबाईंना हाक मारली. "खांदा हवा होता."

"माझा? तो संधिवाताचा आहे हो."

"असू दे. गाल कौमुदीचा आहे ना."

ते मात्र खरं होतं. वर आलेलं गालाचं हाड आणि आखूड मान नातीनं आजीचीच उचलली होती. मग काय, चौथी शिकलेल्या, सत्तरी उलटलेल्या वसुधाबाई पदर खोचून रिकामी बंदूक खांद्याला लावून तळघरात उभ्या.

"हसू नका, आई. गाल हलतो."

"मग तुम्ही हसवू नका."

फळी बेतून झाली तरी श्रीनाथराव थोडा वेळ तसेच बघत राहायचे. वसुधाबाईंना कळायचं, हा माणूस आपल्याकडे बघतच नाहीये.

"तिनं तर नको म्हटलंय. किती दिवस सजवणार?"

"आली म्हणजे मापात हवी ना."

दोन हजार नऊच्या सप्टेंबरात स्क्रू शोधता शोधता वसुधाबाईंनी हत्यारांच्या पेटीतली फिल्मच्या रोलची डबी उघडली. आत तांदळाचा एकच दाणा, हळदीनं पिवळा.

"हे काय?"

श्रीनाथराव मान खाजवायला लागले. "घोड्यामागे अडकला होता. तेव्हा."

वसुधाबाईंना खंडेनवमी आठवली. स्पर्धेच्या आदल्या दिवशीची. श्रीनाथरावांनी पान्यांची, पेचकसांची पूजा केली आणि हात धुवायला गेले. बंदूक टेबलावर तशीच. पेचकसाला हळदकुंकू आणि शस्त्राला काही नाही? म्हणून वसुधाबाईंनीच वाहिलं होतं. नव्या घोड्यावर अक्षता जरा सढळ हातानं.

"तुम्हाला कळलं होतं? आणि वर चूक माझी म्हणालात?"

"तुम्ही वर्षातून तीन महिने येता, आई. त्यातही नात रुसलेली कशाला?"

रविवारी फोन वाजला तो त्यांनी ऊर्मिलाच्या आधी उचलला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडून मराठीत प्रश्न आला, "बाबांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

नाक ओढल्याचा आवाज आला. "आजी, दस्त्याला पट्ट्या किती आहेत?"

"सात."

"एक वाढवायला सांग. मी वाढलेय. नाताळात येते म्हणावं."

निरोप ऐकून श्रीनाथराव "बरं" म्हणाले आणि तळघरात गेले.

तो गुरुवार त्यांच्या आयुष्यातला शेवटचा, हे कुणाला ठाऊक होतं? सहाला नेहमीसारखे निघाले. एका हातात बंदुकीची कुलूपबंद पेटी, दुसऱ्यात हवा भरून आणायची नळकांडी. "येताना ब्रेड आणू का?" "आणा." आठाला परत आले. ब्रेड ओट्यावर ठेवला, खिशातून नवी पट्टी काढली, तळघरात बसवली आणि हाक मारली. वसुधाबाईंनी पदर खोचून दस्ता खांद्याला लावला. मान ताणली, तरी गाल फळीपर्यंत पोचेना.

"आता तुमच्या मापाची नाही राहिली, आई," श्रीनाथराव म्हणाले, आणि बंदूक पुसून पेटीला कुलूप लावलं.