बाबांचा शेवटचा बोर्ड

संगणकातल्या आकड्यांचं अचूक व्होल्टेज करून देणारे सर्किट बोर्ड आखण्यात बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते गेल्यावर त्यांची खुर्ची थोरल्या लेकीकडे आली आणि त्यांनी आखलेला शेवटचा बोर्डही. त्याचं व्होल्टेज काही केल्या स्थिर राहीना. मीटरवरचा शेवटचा आकडा थरथरत राही, आजारपणात बाबांची बोटं थरथरत तसा.

चूक तिला केव्हाच सापडली होती. बोर्डाच्या शांत बाजूचं ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट, आणि विजेच्या गोंगाटाच्या बाजूचं ग्राउंड एकाच जागी जोडायचं, हा बाबांचाच धडा. इथे त्यांनी ते दोन जागी जोडलं होतं. पण त्यांच्या हातची ती जादा रेघ तोडायला तिचं मन होईना.

"ताई, काप की एकदाची," धाकटा भाऊ म्हणाला. "का बाबांची परवानगी हवीय?"

"गप रे. ते मागे उभे आहेत असं वाटतंय."

"मग विचार त्यांनाच! मला तर जिवंतपणीही धड उत्तर द्यायचे नाहीत."

ती हसली, पण मागे वळून बघायचा तिला धीर झाला नाही. तिने पातं टेकवलं आणि तांब्याची ती अरुंद पट्टी खरवडून काढली. आकडा जागच्या जागी थांबला.

भावाने टाळी वाजवली. ती मात्र त्या निश्चल आकड्याकडे बघत राहिली. बाबा आत्ता गेले, असं तिला वाटलं.