आवाजाची रँक

"मॅडम, रविवारी लेकीच्या साखरपुड्याला मी जानार न्हाई. तसा हुकूम हाय," हवालदार सानप खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले.

हुकूम कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. भिंगारमधल्या आमच्या ग्रुपला दर बुधवारी पाच माजी सैनिक येतात. आसपास कुणी नसताना पाचही जणांना आवाज ऐकू येतात. डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतातच. मी सायकॉलॉजिस्ट, पण ग्रुप चालवतात सुभेदार काळे, कारण ते त्या पाचांतलेच एक. याला पीअर सपोर्ट म्हणतात. ज्यानं सोसलंय, त्यानंच दुसऱ्याला हात द्यायचा.

मला मात्र राहवेना. मी पुस्तकी प्रश्न टाकला, "तो आवाज ऐकून तुम्हाला काय वाटतं?"

"हुकूम आल्यावर वाटून घ्यायचं नसतं, मॅडम."

सगळे खो खो हसले. सानप सोडून. एकुलती एक लेक, साखरपुडा खर्ड्याला, गावी; आणि आवाज बजावत होता, 'चारचौघांत गेलास तर लेकीचं लग्न मोडेल.' मला फार वाईट वाटलं.

सुभेदारांनी चहाचा कप खाली ठेवला. "सानप, हुकूम देनाऱ्याची रँक काय?"

"रँक?"

"शिपाई हाय का कर्नल?"

"कधी सांगितली न्हाई, साहेब."

"युनिट?"

"ते बी न्हाई."

"अन् इतकी वर्सं तू त्याचं ऐकतोस? नोकरी फौजेत केली का वरातीत?"

आता सानपही हसले. मग तालीम सुरू झाली. सुभेदार आवाज झाले आणि ओरडले, "घरातच थांब!" सानप ताडकन सावधान! चौथ्या खेपेला कुठे बसल्या बसल्या म्हणाले, "आधी रँक सांगा."

"पन साहेब, तो गप बसला न्हाई तर?"

"न्हाईच बसनार. माझा बी बसत न्हाई. त्याला बोलू दे, तू जेवून घे."

पुढच्या बुधवारी सानप पेढे घेऊन आले.

"आला हुता का?" सुभेदारांनी विचारलं.

"ऐन अंगठी घालताना. रँक विचारली, तर म्हनला, ब्रिगेडियर."

याची तालीम कुणी घेतली नव्हती.

"मग?"

"म्हनलं, जय हिंद साहेब, मी रिटायर झालोय."

आवाज गेला का, असं लोक मला विचारतात. नाही गेला. साखरपुड्याला सानप गेले. आमच्या धंद्यात यालाच गुण येणं म्हणतात.