बिडीपुरतं बसणं

सिगारेट सोडलेल्या माणसांचा मला मनापासून राग येतो. सोडली तर सोडली, पण मग भेटेल त्याला सांगत सुटतात. चहा पिताना सांगतील, लग्नाच्या पंगतीत सांगतील, आणि आपण नुसता खिशात हात घातला तरी तोंड असं वाकडं करतील की विचारू नका. मी स्वतः तीनदा सोडली आणि तिन्ही वेळा असाच वागलो, म्हणून खात्रीनं सांगतो. पण एका माणसाला बिडी सोडताना मी अगदी जवळून पाहिलं. त्याच्याविषयी मात्र मला आजही आदरच वाटतो.

लातूर जिल्हा नवानवा झाला होता. पावसानं पाठ फिरवलेली, विहिरींचे तळ उघडे पडलेले, आणि गावोगाव रोजगार हमीची कामं निघालेली. मी देवणीकडच्या एका रस्त्याच्या कामावर मजुरांची हजेरी मांडणारा मस्टर कारकून होतो. वय पंचविशीच्या आतलं, राग नाकावर आणि खिशात कायम सिगारेटचं पाकीट. माझ्या हाताखालच्या टोळीत चाळीसेक माणसं होती. त्यात बहुतेक बायका, कारण धडधाकट बाप्ये हैदराबाद नाहीतर पुणं गाठून बसले होते. टोळीचे म्होरके होते ते पन्नाशी ओलांडलेले एक शेतकरी. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो.

मामांच्या कानावर कायम एक बिडी खोचलेली असे. ती त्यांनी पेटवली की टोळी खाली बसे. बायका घमेली पालथी घालून त्यांवर टेकत, कुणी झाडाखाली झोळीत ठेवलेलं लेकरू पाजून घेई, कुणी पायातला काटा काढी. बिडी विझली की सगळ्या उठत. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता, पण आमच्या ओव्हरसियर साहेबांनाही तो मान्य होता. नुसता बसलेला मजूर दिसला की ते जीपमधून उतरायच्या आधी ओरडायला लागत. बिडी ओढताना बसलेल्याला मात्र कधी बोलत नसत. तो कामचुकार नाही, तो बिडी ओढतोय! बाकीचे दोघे-तिघे बाप्ये तंबाखू खायचे, आणि तंबाखू मळायला खाली बसावं लागत नाही. म्हणजे चाळीस माणसांचा विसावा एकट्या मामांच्या बिडीवर चालला होता.

एका सोमवारी मामा आले ते कान रिकामा ठेवून. आदल्या दिवशी मामींना लातूरला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मामींना जुना दमा, त्यात त्या वर्षीची धूळ. डॉक्टरांनी मामांच्या खिशातला बिड्यांचा कट्टा बघितला आणि स्पष्टच सांगितलं की घरात हा धूर राहिला तर बाई पुढचा उन्हाळा बघणार नाही. मामांनी तो कट्टा परतीच्या एस.टी.च्या खिडकीतून फेकून दिला.

"घरी नका ओढू," मी शहाणपणा शिकवला. "इथं रानात कुणाला त्रास आहे?"

"न्हाई जमायचं साहेब. हितं ओढली की घरी ओढावी वाटतीच. मला माझी खोड ठावी हाय."

पुढचे चार-पाच दिवस मी जे पाहिलं ते कुणावर येऊ नये. मामांचा हात दर थोड्या वेळानं कानाकडं जायचा आणि तसाच खाली यायचा. हातोडी दगडावर कमी आणि अंगठ्यावर जास्त बसू लागली. टँकरवाल्याशी भांडण झालं, माझ्याशी दोनदा झालं. सकाळी बिडीशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रार तर त्यांनी साऱ्या टोळीला ऐकवली, आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या. पण ओढली नाही. तलफ फारच आली की ते पुढ्यातल्या दगडाकडं बोट दाखवून पुटपुटत, "येवढा फुटू दे, मग बगू." तो फुटला की दुसरा पुढं ओढत. जन्मभर ओढायची नाही असं ते एकदाही म्हणाले नाहीत. एका दगडापुरतं स्वतःला फसवायचं आणि फसवतोय हे माहीत असून फसायचं, हा त्यांचा उपाय. मला तो फार मोठा वाटला.

अडचण वेगळ्याच बाजूनं आली. मामांची बिडी बंद, म्हणून टोळीचं बसणंही बंद. पहिले दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी एका बाळंतिणीला डोक्यावर घमेलं असताना भोवळ आली. चौथ्या दिवशी चार बायका मामांपुढं उभ्या राहिल्या आणि त्यांनी बिड्यांचा एक कट्टा आणि काडेपेटी दगडावर ठेवली. एरवी धुरानं नाक मुरडणाऱ्याच त्या.

"मामा, दिसातून दोनच ओढा," त्यातली थोरली म्हणाली. "आमच्यापायी. कंबर मोडून राहिली बगा."

मामांनी कट्ट्याकडं पाहिलं नाही. ते हातोडी टाकून तसेच खाली बसले, रिकाम्या हातानं. "बसा," म्हणाले. "बिडी पेटलीय आसं समजा." त्या बसल्या. मीही माझ्या राहुटीतून बघून न बघितल्यासारखं केलं. असे आठ-दहा दिवस बरे गेले. कट्टा तिथंच दगडाच्या फटीत पडून होता. परत न्यायला बायकांना लाज वाटत होती आणि फेकून द्यायची मामांची छाती होत नव्हती.

मग एका दुपारी जीप आली. नवा जिल्हा, नवे वरिष्ठ, कुणाची गाडी कधी येईल याचा नेम नाही, म्हणून ओव्हरसियर साहेब आधीच कावलेले. अख्खी टोळी बसलेली पाहून त्यांचा पारा चढला.

"कोण बिडी ओढतंय?"

कुणीच नाही.

"मग बसलात कशाला? कारकून, सगळ्यांचा आजचा खाडा मांडा!"

बायकांचे चेहरे उतरले. मामा उठले नाहीत. त्यांनी दगडाच्या फटीत हात घातला, कट्टा फोडला, एक बिडी काढली आणि काडी ओढली. बिडीचं टोक काडीवर धरून पेटेपर्यंत बोटांत फिरवत राहिले. मी त्यांचा चेहरा पाहिला. तलफ भागणार म्हणून खूश झालेला माणूस असा दिसत नाही. चाळीस माणसांचा दिवस वाचवायला ते मामींचा उन्हाळा पणाला लावत होते, आणि साऱ्या टोळीत हे कळणारा बहुधा मी एकटाच होतो. बिडी ओठांजवळ गेली तसा मी ओरडलो, "मीच बसवलंय त्यांना! दमली होती माणसं, म्हणून बसवलं!"

साहेबांनी मला सगळ्यांदेखत झाडलं, मेमो दिला, पण खाडे टळले. मामांनी बिडी पायाखाली चिरडली. आभार मानले नाहीत, मलाही ते नको होते.

दोन दिवसांनी कळलं की त्या दिवसापासून मामा रात्री देवळाच्या ओसरीवर झोपतात. माझं डोकंच फिरलं. बोटांना बिडीचा वास आला म्हणून मामींनी घराबाहेर काढलं असणार, दुसरं काय? संध्याकाळी काम सुटल्यावर मी मामांच्या मागोमाग तडक त्यांच्या घरी गेलो. मामी उंबऱ्यावर बसल्या होत्या, एक हात छातीवर. मी त्यांच्यापुढं उकिडवा बसलो आणि साक्षीदारासारखा सगळं घडाघडा सांगितलं.

"मी कशाला काढू?" मामी म्हणाल्या. दोन शब्दांमागं एकदा श्वास घ्यावा लागत होता. "त्योच गेला. म्हणला, बोटाचा वास... नाकापाशी येतोय. घरात तलफ आली... तर मोडंल मी. वास गेला की येतो."

मी अजून थोडा पुढं सरकलो आणि म्हणालो, "मामी, तुमच्या माणसासारखा माणूस मी पाहिला नाही."

मामींना खोकल्याची उबळ आली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मामा अंगणात हातपाय धूत होते. ते ओल्या पायांनी आले, माझं कोपर धरून मला हलकेच उठवलं आणि उंबऱ्यापासून दूर नेऊन उभं केलं.

"राग नका मानू साहेब," ते म्हणाले. "तुमच्या अंगाला शिग्रेटीचा वास लई हाय. हितूनच बोला."

मी अंगणाच्या कडेला उभा राहिलो, आणि मामींचा श्वास जाग्यावर येईपर्यंत तिथून हललो नाही.