दोन त्रिकोणांमधला ठिपका

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो. त्याच्या आईचा, आमच्या मावशींचा, आवाज इतका शांत होता की वाटलं, डायलिसिससाठी खामगावला किती वाजता निघायचं ते विचारतायत...

पिंपळगाव राजात आम्ही एकाच बाकावर शिकलो. मी इथेच मास्तर झालो. तो पुण्यात संगणकावरच्या चित्रांच्या कामात गेला. किडन्या निकामी झाल्यावर घरी परतला आणि कंपनीचं काम इथूनच करू लागला. शाळांसाठी संगणकाच्या पडद्यावर पृथ्वीचा फिरता गोळा बनवायचा होता, आरपार दिसणाऱ्या समुद्राचा. पण एका जुन्या ग्राफिक कार्डावर, म्हणजे संगणकातल्या चित्रं उमटवणाऱ्या भागावर, त्या समुद्रात काळपट रेघा उमटायच्या. मला कळेना, तेव्हा त्याने वहीत एकमेकांना चिकटलेले दोन त्रिकोण काढले. संगणक असल्या त्रिकोणांनीच गोळा रंगवतो, म्हणाला. "मधल्या रेघेवरचा ठिपका एकाचाच असला पाह्यजे. आरपार रंग दोघायनं लावला तं डाग पडते, कोनीच नाई रंगवला तं भोक." ती रेघ ज्या त्रिकोणाची वरची किंवा डावी कड, ठिपका त्याचा, असा नियम. बाकीची कार्डं हा नियम पाळत. या कार्डाला चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, पाळत नव्हता. आणि कितीतरी शाळांत नेमकी हीच कार्डं.

कार्ड बनवणाऱ्यांना त्याने तीनदा लिहिलं. कार्ड जुनं झालं, आता दुरुस्ती होणार नाही, एवढंच उत्तर आलं. मग त्याने त्रिकोण केसभर सरकवून पाहिले; या कार्डावरचे डाग गेले तर दुसऱ्या कार्डांवर भोकं पडली. डायलिसिस चालू असतानाही सुया टोचलेला हात मांडीवर ठेवून तो दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर टाइप करत बसायचा. मावशींची किडनी शुगरमुळे चालली नाही. मी देतो म्हणालो, तर तपासणीत माझंच ब्लडप्रेशर निघालं. उरलं ते त्याला खामगावला नेण्या-आणण्यासाठी गाडी चालवणं.

शेवटच्या खेपेला परतताना तो म्हणाला, "राजू, नियम तं बरोबर हाये बे. पन तो पाळनं माह्या हातात नाई."  

परवा कंपनीतून कळलं, त्या कार्डांसाठी समुद्र आरपार न ठेवता साधा निळा रंगवून टाकला.

मावशी त्याचा संगणक बंद करू देत नाहीत. लाइट जाऊन आली की मला बोलावतात. "त्याचं काम बंद पडलं, लावून दे." मी बटण दाबतो. पडदा उजळतो, पासवर्ड मागतो. तो कुणालाच माहीत नाही. मावशी समाधानाने मान हलवतात, आणि मी चहा होईपर्यंत त्या रिकाम्या चौकटीसमोर बसून राहतो.