मांडवातली इंग्रजी

साहेबाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. बुऱ्हाणपुरात त्या काळी लग्न नुसत्या जेवणावळीवर भागत नसे. पंगती उठल्या, विडे चघळून झाले, की मांडवात दोन लोड समोरासमोर पडत. एकाशी मुलीकडचा इंग्रजी पंडित टेकायचा, दुसऱ्याशी मुलाकडचा. एकाने अवघड इंग्रजी शब्द टाकायचा, दुसऱ्याने त्याचा अर्थ सांगायचा आणि वर त्याचं कूळ, म्हणजे तो कुठल्या भाषेतून आला, तेही सांगायचं. ज्याला येणार नाही त्याची बाजू हरली. भोवती बसलेल्यांना बहुतेक ए-बी-सी सुद्धा येत नसे, पण निकाल तेच लावत. जो न अडखळता मोठ्याने बोलेल त्याचं बरोबर!

बुऱ्हाणपुरातल्या राजपुरा मोहल्ल्याच्या बाजूने हा किल्ला वर्षानुवर्षं देवराम मास्तर लढवत आले होते. शाळेत इंग्रजी शिकवून आता रिटायर झालेले, घरी ते आणि मुलगी विमल, एवढीच माणसं. कोणाचं लग्न निघालं की आधी भटजी, मग आचारी आणि लगेच मास्तर ठरायचे. खकनारला बैलगाडीत अंग मोडून घ्यायचं, असीरगढच्या पायथ्याशी उन्हात मांडवभर ओरडायचं, आणि घरी येऊन घसा शेकत बसायचं. 'सेस्क्विपेडेलियन' म्हणजे दीड फूट लांबीचा शब्द, हे सांगितलं की लोक टाळ्या पिटायचे. एवढा लांबलचक शब्द आपल्या गावच्या माणसाच्या तोंडात मावतो, याचंच त्यांना कौतुक. खरं सांगायचं तर मास्तर विटले होते. सकाळी तापीच्या राजघाटावर फिरताना जुने शब्द घोकायला जायचे, तर दहातले चार हाताला लागायचे नाहीत. ते कोणाला बोलले नाहीत. बोलून काय सांगणार?

मग विमलचं लग्न खंडव्याला ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी ती त्यांच्यापाशी येऊन बसली.

"बाबा, एक मागू का? नाही म्हणू नका."

"माग की."

"त्या दिवशी तुम्ही हरून जा."

मास्तरांनी चष्मा काढला. ती खाली बघून बोलत राहिली. "मालूअक्काचं लग्न आठवतं ना तुम्हाले? तिच्या लग्नात तुम्ही जिंकून आले, राजपुऱ्यात पेढे वाटले. अन् सासू अजून तिले म्हणते, काकाची इंग्लिश घेऊन ये अन् तिच्यानं भांडी घास. तुम्ही तर जिंकून घरी येता, बाबा. राहायचं आम्हाले असतं तिथं."

मालू म्हणजे मास्तरांची पुतणी. तिचे हे हाल त्यांच्या कानावर कधी कोणी घातलेच नव्हते. त्यांना फार वाईट वाटलं. "हरतो, बाई," ते म्हणाले. मनातून सुटल्यासारखंही झालं. एकदा हरलं की पुन्हा कोण बोलावतंय? थकल्या माणसाला याहून काय पाहिजे?

लग्नाच्या दिवशी समोरच्या लोडाशी नवऱ्या मुलाचे मामा टेकले. गिरधर वकील, वय तिशीचं, अंगात नवा कोट. पहिल्याच शब्दाला गप्प बसलो तर दया केली असं दिसेल, म्हणून मास्तरांनी ठरवलं होतं की दोन सांगायचे आणि तिसऱ्याला मान खाली घालायची. वकिलांनी 'डिस्मल' टाकला. मास्तर म्हणाले, "उदास. कूळ लॅटिन, मूळ अर्थ वाईट दिवस. त्यांच्या पंचांगात महिन्याचे दोन दिवस अशुभ धरायचे." मांडव खूष. दुसरा 'अक्सोरियस'. "बायकोवर नको इतका लट्टू झालेला. लॅटिनमध्ये बायकोला अक्सर म्हणत." बायका पदराआड हसल्या, नवरा मुलगा लाजला.

आता हरायचं होतं. खांबाशी उभी राहून विमल त्यांच्याकडेच बघत होती. पण वकील मांडी बदलत आपल्या माणसांना म्हणाले, "बुऱ्हाणपूरची इंग्रजी तापीच्या पुरासारखी. आवाज फार, मागं नुसता गाळ." खंडवेकर खो-खो हसले. राजपुऱ्याचे कौतिकशेठ तेली उठून ओरडले, "मास्तर, पाडा याले! सोडू नका!"

आणि मास्तरांची तळपायाची आग मस्तकात गेली. थकवा गेला, कबूल केलेलं गेलं, विमलही डोळ्यांपुढून गेली. ते ताठ बसले. येऊ दे तिसरा, मनात म्हणाले, याला खंडव्यापर्यंत पुरेल एवढं कूळ सांगतो.

"व्हॅलेडिक्शन," वकील म्हणाले.

मास्तरांनी तोंड उघडलं. शब्द ओळखीचा होता, शंभरदा शिकवलेला. पण अर्थ येईना. कूळ येईना. ते चाचपडत राहिले, ओठ नुसते हलले. खंडवेकरांनी वकिलांना उचलून घेतलं आणि राजपुऱ्याची माणसं माना वळवून चपला शोधू लागली. कौतिकशेठ त्यांच्याशी न बोलता निघून गेले. मास्तर लोडाला टेकले. इतकं रिकामं त्यांना पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

दिवस कलला तशी वऱ्हाडाची लालबागच्या स्टेशनाला जायची वेळ झाली. टांग्यात चढण्याआधी विमल त्यांच्या पायाशी वाकली. सासरची सगळी हसऱ्या चेहऱ्याने उभी होती. सासू तर चक्क मास्तरांना 'व्याहीबुवा, या बरं का खंडव्याला' म्हणाली. विमलने त्यांचा हात घट्ट धरला. डोळे वाहत होते.

"माझ्यासाठी हरले ना तुम्ही? भर मांडवात. बाबा, मी जलमभर विसरणार नाही."

खरं सांगावं असं त्यांच्या अगदी ओठावर आलं. पण सांगून तिच्या हाती काय द्यायचं? ते "हो" म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि शरमेने तिच्याकडे न बघता टांगेवाल्याला सामान नीट बांधायला सांगत राहिले.

टांगा वळणाआड गेला, धूळ बसली, तेव्हा शब्द आपसूक परत आला. व्हॅलेडिक्शन म्हणजे निरोप. कूळ लॅटिन. निघालेल्या माणसाला 'बरा राहा' म्हणणं.

आणि ते विमलला म्हणायचं राहूनच गेलं होतं.